गाडीची नाडी (भाग ९) : डबा गेलाय म्हणण्याआधी

गेल्या आठवड्यात आपण सेन्सर पाहिले. इंजिनात हवा किती आली, पाणी किती तापलं, क्रँक कुठवर फिरला, याची खबर ते देतात. ही सगळी खबर जिथं जाते, तो ईसीयू आजचा विषय. आमच्या इस्लामपूरच्या गॅरेजांत त्याला नुसतं 'डबा' म्हणतात. पेट्रोल किती सोडायचं आणि ठिणगी कधी टाकायची, हे तो क्षणाक्षणाला ठरवतो. गाडीतल्या महाग भागांपैकी तो एक, आणि निष्पाप असताना सगळ्यात जास्त वेळा दोषी ठरतो तोही हाच.

परवा वाळव्याकडचे एक काका छोटी पेट्रोल गाडी ट्रॅक्टरला बांधून घेऊन आले. सेल्फ दणक्यात फिरत होता, पण इंजिन पकडत नव्हतं. "दोघांनी बघितली. डबा गेलाय म्हणत्यात. स्कॅनर लावला तर इंजिन काय बोलतच न्हाई," काका म्हणाले.

स्कॅनरला उत्तर मिळालं नाही, एवढ्यावरून डबा मेला असं ठरत नाही. त्याला करंट मिळत नसेल, अर्थ तुटली असेल किंवा कुठंतरी शॉर्ट असल्यानं तो उठू शकत नसेल. म्हणून आधी किल्ली ऑन करून मीटरकडं पाहिलं. चेक इंजिनचा पिवळा दिवा किल्ली ऑन करताच लागायला हवा. तो लागलाच नाही. स्कॅनर मात्र एबीएसच्या डब्याशी व्यवस्थित बोलत होता. म्हणजे स्कॅनरही बरा, त्याच्या सॉकेटला करंटही येतोय. इंजिनाचा डबाच तेवढा जागा होत नव्हता.

मग मल्टिमीटर घेतला. बॅटरी १२.५ व्होल्ट, सेल्फ मारताना १०.४. ठीक. हा आकडा साडेनऊच्या खाली जाऊ लागला, तर चांगला डबाही गोंधळतो. त्यानंतर डब्याच्या कपलरला मागच्या बाजूनं बारीक पिन लावून सप्लाय तपासला. एक वायर थेट बॅटरीची, दुसरी किल्ली ऑन केल्यावर रिलेतून येणारी. दोन्हींवर १२ व्होल्ट होते. पण इथं नुसत्या मीटरवर विश्वास ठेवू नये. आतून कुजून एका तारेवर उरलेली वायरसुद्धा मीटरवर १२ व्होल्ट दाखवते. तिला इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब जोडला की खरं काय ते कळतं. आमचा बल्ब लख्ख पेटला. मग अर्थ. डब्याची अर्थ पिन आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांत ०.०४ व्होल्ट. हा आकडा ०.२ च्या वर गेला असता, तर आधी बॉडीवरचा अर्थचा नट काढून घासला असता.

करंट आणि अर्थ दोन्ही मिळत असूनही डबा उठत नव्हता. बरेच जण इथंच थांबतात आणि डबा बदलायला सांगतात. पण अजून एक तपासणी राहिलेली असते. डबा बऱ्याच सेन्सरना स्वतःकडून ५ व्होल्ट पुरवतो, आणि पुष्कळ गाड्यांत एकच लाईन दोन-तीन सेन्सरना वाटून दिलेली असते. त्यातली एक वायर कुठंही अर्थला टेकली, तर सगळ्यांचे ५ व्होल्ट बसतात. काही गाड्यांत तर त्यापायी डबाच गप्प होतो. आम्ही मोजले, तेव्हा ५ च्या जागी जेमतेम ०.२ व्होल्ट होते.

किल्ली ऑन ठेवून एकेक सेन्सरचा कपलर काढत गेलो. थ्रॉटलचा काढला, फरक नाही. मॅनिफोल्डचा काढला, फरक नाही. रेडिएटरजवळचा एसी गॅसच्या प्रेशर सेन्सरचा कपलर काढला आणि आतून काका ओरडले, "दिवा लागला!" मीटरवर ५.०१ व्होल्ट. कपलरपासून सेन्सरकडं जाणाऱ्या वायरिंगची टेप सोडली. उसाच्या कडेला उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदीर शिरला होता. दोन वायरींचं प्लास्टिक कुरतडून आतलं तांबं एकमेकांना चिकटलं होतं. तेवढा तुकडा सोल्डर केला, वर स्लीव्ह चढवली. गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली. डब्याला हातही लावावा लागला नाही.

आपल्या भागात याच्या जोडीला पुराचं दुखणं आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं आणि काठच्या गावांत कितीतरी गाड्या बुडाल्या. काही मॉडेलमध्ये डबा डॅशबोर्डखाली, पायाजवळ असतो. पुरात बुडालेली गाडी वाळवून सुरू होते. महिन्यांनी पिनांवर हिरवा गंज चढतो आणि मग गाडी कधी चालते, कधी अडते. अशा वेळी बॅटरी सोडून कपलर काढा, पिना पाहा, कॉन्टॅक्ट क्लीनरनं साफ करा.

डबा खरंच जातो कधी? पाणी आत शिरलं, बॅटरी उलटी जोडली, बॅटरी न सोडता चॅसीला वेल्डिंग मारलं, तर जाऊ शकतो. सप्लाय, अर्थ, ५ व्होल्ट, क्रँकचा सिग्नल हे सगळं बरोबर असून इंजेक्टरला किंवा कॉइलला हुकूमच जात नसेल, आणि मधली वायर शाबूत असेल, तर बोट डब्याकडं जातं. पी०६०६ सारखा कोड प्रोसेसरचा दोष सांगतो, पण तोही सप्लाय तपासल्याशिवाय खरा धरू नये. आणि भंगारातला डबा आणून लावला की काम झालं, असंही नाही. पार्ट नंबर तोच हवा, आतला प्रोग्रॅम त्याच मॉडेलचा हवा, आणि इमोबिलायझर असेल तर किल्लीशी ओळख नव्यानं करून द्यावी लागते.

काकांच्या बिलामागं मी तीन आकडे लिहून दिले: सप्लाय, अर्थ आणि ५ व्होल्ट. तुम्हाला कुणी डबा बदलायला सांगितला, तर हेच तीन आकडे विचारा. ज्या मेकॅनिकनं खरोखर तपासलंय, तो ते लगेच सांगेल आणि विचारल्याचा त्याला रागही येणार नाही.

पुढच्या आठवड्यात : इंजेक्टर कधी गळतो, कधी तुंबतो.