यहुदी मेन्युहिन : फ्रिस्कोचा व्हायोलिनवादक, पुण्याच्या गुरूचा शिष्य

न्यूयॉर्कमध्ये घर शोधणाऱ्या दांपत्यास घरमालकिणीने अभिमानाने सांगितले, की ती ज्यूंना जागा देत नाही. तत्क्षणी त्या गर्भवती मातेने निश्चय केला : बाळाचे नाव ‘यहुदी’च ठेवावयाचे.

१९१६ साली जन्मलेला यहुदी मेन्युहिन फ्रिस्कोत वाढला. सातव्या वर्षी तेथील वाद्यवृंदासह व्हायोलिन वाजवू लागला. जगद्विख्यात झाल्यावरही त्यांची जिज्ञासा शमली नाही. १९५२ साली मुंबईत ते पुण्याचे योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार ह्यांचे शिष्य झाले व पुढे त्यांनाच आपला श्रेष्ठ व्हायोलिन-शिक्षक म्हणू लागले. पं. रविशंकरांसह त्यांनी ध्वनिमुद्रिका काढल्या. १९६३ साली इंग्लंडमध्ये मुलांसाठी संगीतशाळा स्थापिली. १९९९ साली ते निवर्तले.

परमुलखात मुले वाढविणाऱ्या आपण सर्वांनी ह्या चरित्रातून एवढे घ्यावे, असे आम्हांस वाटते : नाव आपले जपावे, विद्या मात्र जेथे मिळेल तेथून घ्यावी.