फोटो कुठला, तारीख कोणती?

पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणारा आंबेनळी घाट पावसात देखणा दिसतो. येणारे-जाणारे धबधब्याचे, धुक्याचे फोटो काढून मोबाईलवर पाठवतात. शौक चांगला आहे. पण आम्हा कापडवाल्यांना त्यात रस्ता पाहायचा असतो. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरात २४ तासांत सुमारे ५९ सेंटिमीटर पाऊस झाला, घाटात दरडी कोसळल्या, रस्ता खचला, वाहतूक बंद पडली. पुढे एका पावसाळ्यात मोकळ्या घाटाचा फोटो पाहून मी इचलकरंजीहून निघालेला टेंपो याच वाटेने बोलावला. फोटो मागल्या वर्षीचा निघाला! वर दरड पडलेली. गाठी रात्रभर भिजल्या, माल निम्म्या भावात गेला. ड्रायव्हर सलामत राहिला, हीच मेहरबानी. फोटो पाठवणाऱ्या बांधवांनी खाली तारीख, वेळ आणि ठिकाण लिहावे. आमचे ड्रायव्हर दुवा देतील.