विश्लेषण : तलावात देशी मासे परतण्यासाठी आधी पाणवनस्पती का लावाव्या लागतात?

पनवेलमध्ये वडाळे, कृष्णाळे, देवाळे, विश्राळे अशी जुनी तळी आहेत. तळे सुधारायचे म्हटले की शहरात गाळ उपसणे, दगडी काठ, पदपथ आणि दिवे एवढेच डोळ्यांपुढे येते. पाण्याखाली काय जगते, हा प्रश्न सहसा निविदेत नसतो. गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव परिसरात ढिवर मच्छीमार आणि अभ्यासकांनी नेमका तोच प्रश्न आधी विचारला.

तलाव बिघडले कसे?

भंडारा-गोंदिया भागात गोंड राजवटीच्या काळात कोहळी समाजाने शेकडो तलाव बांधले. पुढे ते मालगुजारी तलाव म्हणून ओळखले गेले. १९५० नंतर मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले आणि गावाची देखभालीची जुनी घडी मोडली. मासेमारी ढिवरांच्या सहकारी संस्था करू लागल्या. उत्पादन वाढावे म्हणून रोहू, कटला यांच्याबरोबर गवत्या आणि सायप्रिनस हे परदेशी मासेही सोडले गेले. गवत्या नावाप्रमाणे पाणवनस्पती फस्त करतो. सायप्रिनस अन्नासाठी तळ उकरतो, मुळे सुटतात, पाणी गढूळ होते. काठावर दक्षिण अमेरिकेतून आलेली बेशरम माजली. तोडलेल्या फांदीलाही मुळे फुटतात, त्यामुळे नाव चपखलच.

यात मच्छीमारांचे नुकसान दुहेरी होते. रोहू, कटला साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, म्हणून बीज दरवर्षी विकत घ्यावे लागते. मरळ, मागूर, शिंगी यांसारखे देशी मासे तलावातच वाढतात. पण त्यांना आसरा देणाऱ्या वनस्पतीच राहिल्या नाहीत.

मग काय केले?

कोणता मासा कोणत्या वनस्पतीत लपतो, कुठे अंडी घालतो, हे पतिराम तुमसरे यांच्यासारख्या जुन्या ढिवर मच्छीमारांना तोंडपाठ होते. मनीष राजनकर यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने हे ज्ञान नोंदवले आणि वनस्पती, मासे, पक्षी यांच्या शास्त्रीय याद्यांशी जोडले. उन्हाळ्यात पाणी उतरले की बेशरम मुळासकट काढायची, उघड्या पडलेल्या तळाचा काही भाग नांगरायचा आणि पाऊस सुरू झाला की हायड्रिला, व्हॅलिस्नेरियासारख्या वनस्पती लावायच्या, अशी ही पद्धत. यात ढिवर स्त्रियांचा वाटा मोठा आहे. असा तलाव धरायचा तर गवत्या सोडायचा नाही, हे ओघाने आलेच.

या वनस्पती पाण्याला प्राणवायू देतात, पिल्लांना आडोसा देतात. त्यांच्यावरचे किडे, गोगलगायी माशांना आणि बदकांना पुरतात. राज्यात उरलेल्या मोजक्या सारसांचा आधारही मुख्यतः याच भागातील तलाव आणि धानशेती आहे.

अडचण कोणती?

तलावाचा ठेका मुदतीचा असतो; वनस्पती रुजायला मात्र काही वर्षे जातात. ठेका हातचा गेला, तर लावणाऱ्याची मेहनत दुसऱ्याच्या जाळ्यात. २००६च्या वनहक्क कायद्यात जलसाठ्यांतील मासे व अन्य उत्पादनांवर सामूहिक हक्काची तरतूद आहे, पण ती वनक्षेत्रापुरती.

पनवेलच्या तळ्यांवर कोणाचे पोट नाही, सांडपाणी आणि निर्माल्याचा भार मात्र आहे. तरीही एक फरक इथेही लक्षात घेण्याजोगा आहे. नांगराने तळ सैल होतो. यंत्राने तो सगळा खरवडला, तर गाळातले कंद आणि बियाही डंपरमधून निघून जातात.