औताचा कोन आणि पाचर

नांगर, वखर किंवा पाभर यांचे वर्णन करताना अभ्यासकाचे लक्ष प्रथम लोखंडाकडे जाते. फाळ केवढा, पास किती लांब, धार कशी, याची नोंद तो आवर्जून करतो. जमिनीत लोखंड शिरते हे खरेच. परंतु ते कोणत्या कोनाने शिरावे, हे लोखंड ठरवीत नाही. ते ठरविणारी वस्तू म्हणजे सांध्यात ठोकलेली बाभळीची एक लहानशी पाचर होय. मराठीत 'पाचर मारणे' हा वाक्प्रचार अडथळा आणणे या अर्थी रूढ झाला आहे. औताच्या बाबतीत मात्र पाचरीचे कार्य नेमके उलट आहे. ती अडविते ते केवळ सांध्यातील सैलपण. बाकी सारे तिच्यामुळे सुकर होते. प्रस्तुत विवेचन या उपेक्षित अवयवाविषयी आहे.

जळगाव आणि धुळे हे जिल्हे मूळच्या खानदेश जिल्ह्याचे १९०६ साली पूर्व व पश्चिम असे विभाजन झाले त्यातून आलेले आहेत. (पश्चिमेकडील नंदुरबार १९९८ मध्ये धुळ्यापासून वेगळे झाले.) तापीच्या दोन्ही तीरांवरील खोल काळी जमीन ही या प्रदेशाची खूण. उन्हाळ्यात तिला हातभर खोल भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती फुगून चिकट होते. अशा जमिनीत दरवर्षी नांगरट करण्याची रीत पूर्वी नव्हती. काही वर्षांच्या अंतराने नांगर आणि प्रतिवर्षी वखर, असा क्रम असे. दक्षिण महाराष्ट्रात ज्याला कुळव म्हणतात त्याच जातीचे हे औत. उलट साक्रीकडील डोंगराळ भागात अथवा सातपुड्याच्या पायथ्याशी जमीन हलकी व मुरमाड आहे, आणि तेथे औत वेगळ्या रीतीने लावावे लागते. सुतार, लोहार व लाकूड तेच असूनही केवळ कोन बदलल्याने औत एका शिवारात चालते व दुसऱ्यात अडते, हे या प्रदेशात सहज दिसून येणारे सत्य आहे.

लाकडी नांगराची रचना प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. खाली खोड, त्याच्या तळाशी फाळ, मागे धरावयास रुमणे, आणि खोडाच्या भोकातून पुढे निघून जुवापर्यंत जाणारी लांब हळस. हळस ताठ असते आणि तिचे पुढचे टोक बैलांच्या मानेवरील जुवाला बांधलेले असते. म्हणजे मागचे टोक भुईत, पुढचे टोक मानेच्या उंचीवर, असा हा एक कललेला दांडा आहे. या दांड्याचा जमिनीशी होणारा कोन बैलाच्या उंचीवर आणि हळशीच्या लांबीवर अवलंबून असतो. खोड हळशीत घट्ट बसविलेले असल्यामुळे हळस जितकी वर उचलली जाईल तितके खोडही मागे कलते आणि फाळाचे टोक वर येते. थोडक्यात, शेतकऱ्याने बैलजोडी बदलली की नांगराला हात न लावताही त्याचा कोन बदलतो.

हा बदल किती होतो हे एका साध्या गणिताने पाहता येईल. समजा, सांध्यापासून जुवापर्यंत हळस २७० सेंटिमीटर आहे आणि सांध्याहून जू ९० सेंटिमीटर उंच आहे. अशा स्थितीत हळशीचा जमिनीशी कोन सुमारे साडेएकोणीस अंश येतो. आता त्या जोडीच्या जागी १० सेंटिमीटरने उंच अशी जोडी आली, तर तोच कोन सुमारे पावणेबावीस अंश होतो. फरक अवघा सव्वादोन अंशांचा. परंतु खोडाचा तळ ४५ सेंटिमीटर धरला, तर तेवढ्या फरकाने फाळाचे टोक पावणेदोन सेंटिमीटर वर उचलले जाते. दहा-बारा सेंटिमीटर खोल जाणाऱ्या नांगराच्या दृष्टीने ही तूट क्षुल्लक नव्हे.

तिची भरपाई दोन प्रकारे करता येते. पहिला प्रकार म्हणजे हळस जुवाच्या पुढे अधिक काढून बांधणे, अर्थात तिची उपयोगी लांबी कमी करणे, अथवा मागे घेऊन ती वाढविणे. लांबी वाढली की हळस निजते आणि नांगर खोल जातो. कमी झाली की उलट. वरील उदाहरणात पूर्वीचा कोन परत मिळविण्यास हळशीची लांबी २७० वरून ३०० सेंटिमीटर करावी लागेल. तेवढी हळस शिल्लक असेलच असे नाही, आणि असली तरी बैल नांगरापासून तितके दूर जाऊन वळणावर अडचण होते. दुसरा प्रकार पाचरीचा. खोडातील भोक १० सेंटिमीटर खोल असेल, तर सव्वादोन अंशांसाठी लागणारी जाडी केवळ ४ मिलीमीटर भरते. हळशीच्या बाजूने जे काम ३० सेंटिमीटरांत व्हावयाचे, ते सांध्याच्या बाजूने चार मिलीमीटरांत होते. पाचरीचे सामर्थ्य म्हणतात ते हेच. आणि तिचा धोकाही यातच आहे, कारण चार मिलीमीटरांची चूक म्हणजे वीतभर उंचीच्या नव्हे, तरी चांगल्या चार बोटे उंचीच्या वेगळ्या बैलांना औत जुंपण्यासारखे आहे.

पाचर कोणत्या बाजूस बसवावयाची हेही महत्त्वाचे. भोकाच्या पुढील तोंडाशी हळशीच्या खाली ती ठोकली, तर खोड व हळस यांतील कोन उघडतो. फाळाचे टोक खाली वळते आणि नांगर खोल जातो. तीच हळशीच्या वर ठोकली, तर कोन मिटतो आणि नांगर उथळ चालतो. उंच बैलांस पहिली जोडणी, ठेंगण्यांस दुसरी. जोडीतील दोन बैल मात्र एकमेकांशी उंचीने जुळणारे नसले, तर जू तिरपे होते आणि औत एका अंगावर पडते. तेथे पाचरीचा इलाज चालत नाही. बैल जोडी पाहूनच घ्यावेत हा आग्रह निव्वळ हौसेचा नव्हता.

वखराच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच नाजूक आहे. वखराची पास जमिनीच्या वरच्या थराखालून सपाट सरकत जाते, ढेकळे मोडते आणि तणाची मुळे कापते. ती फार निजली तर भुईवरून घसरत जाते. फार उभी राहिली तर माती पुढे ढकलीत नेते व बैल दमतात. पास घसरू लागली की वखरावर दगड ठेवण्याची, प्रसंगी पोर बसविण्याची रीत सर्वपरिचित आहे. पुष्कळदा हे वजन कोनाच्या चुकीची भरपाई असते. जी गोष्ट सांध्यातील एका चिपेने साधली असती, ती बैलांच्या खांद्यावर अधिक ओझे टाकून साधली जाते. खांदेसूज हा औताच्या बैलांचा नित्याचा विकार. त्याची चर्चा जुवाच्या खडबडीतपणाशी थांबते, औताच्या कोनापर्यंत क्वचितच पोहोचते. त्यातून खानदेशात मृगाच्या आधी वखरपाळ्या उरकून घेण्यास दिवस मोजकेच मिळतात. त्या दिवसांत औत आठ आणे काम करीत असेल, तर कपाशीच्या पेऱ्याची वेळ हुकते.

या तत्त्वाची व्याप्ती ध्यानात यावी म्हणून शेतीशी कोणताही संबंध नसलेले एक उदाहरण घेणे उपयुक्त ठरेल. बर्फावर स्की बांधून डोंगर चढणे व उतरणे ही गोष्ट युरोपात जुनी आहे. आपल्याकडेही गुलमर्ग, औली येथे ती पाहावयास मिळते. चढताना टाच मोकळी राहावी आणि उतरताना ती पक्की बसावी, यासाठी बूट व स्की यांमध्ये एक जोडणी असते. तिला बाइंडिंग म्हणतात. १९८० च्या दशकात ऑस्ट्रियातील फ्रिट्झ बार्थेल यांनी अत्यंत हलकी अशी एक जोडणी सिद्ध केली. तिच्यात बुटाचा पुढचा भाग दोन बाजूंच्या दोन खिळ्यांत आणि टाच मागच्या दोन खिळ्यांत अडकते. यातील मागचे खिळे पुढच्यांपेक्षा बहुधा उंच असतात. काही बनावटींत हा फरक नाममात्र, तर काहींत एक सेंटिमीटरहून अधिक आढळतो. परिणामी उताराला लागलेल्या माणसाची टाच चवड्यापेक्षा उंच राहते. फरक मोठा असल्यास भार चवड्यावर जातो, तोल सावरण्यासाठी माणूस मागे रेलतो आणि त्याच्या मांड्या लवकर भरून येतात. यावरील उपाय आपल्या सुताराच्या उपायासारखाच आहे. पुढच्या जोडणीखाली प्लॅस्टिकची वा धातूची काही मिलीमीटर जाडीची पट्टी घालावयाची. कारखान्यातील भाषेत तिला शिम म्हणतात. सामान्य मापाच्या बुटास एका मिलीमीटरमागे कोन सुमारे एकपंचमांश अंशाने उतरतो.

या तुलनेतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, जाडी आणि कोन या एक नव्हेत. उंचीतील फरक १२ मिलीमीटर असला, तर ३२० मिलीमीटर लांबीच्या बुटात कोन सव्वादोन अंशांहून किंचित कमी येतो. २६० मिलीमीटरच्या लहान बुटात तोच अडीच अंशांच्या वर जातो. म्हणून एकाने घातलेली पट्टी दुसऱ्यास जशीच्या तशी चालत नाही. शेजाऱ्याच्या नांगराची पाचर पाहून तेवढीच आपल्या नांगरास ठोकणारा शेतकरी फसतो, तो याच कारणाने. दुसरी गोष्ट अशी की, दिसणारा कोन हा अनेक कोनांची बेरीज असतो. बुटाच्या आत टाचेखाली स्वतंत्र उतार असतोच, आणि बुटाची नळीही पुढे कललेली असते. बाइंडिंगचा उतार त्यांत मिळविला जातो. त्याचप्रमाणे खोडाची झीज, फाळाची झीज, हळशीचा बाक आणि बैलांची उंची यांची बेरीज होऊन नांगराचा कोन सिद्ध होतो. पाचर ही त्या बेरजेतील शेवटची, आणि शेतकऱ्याच्या हाती असलेली एकमेव संख्या आहे.

साम्य येथवरच. बाइंडिंगखालची पट्टी स्क्रूने आवळलेली असते. ती जाड केली तर स्क्रूही लांब घ्यावा लागतो, एरवी पकड कमी होते. लाकडाच्या पाचरीला ऋतू लागतो. चैत्र-वैशाखात खानदेशातील पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास चढतो, तेव्हा लाकूड आटते, सांधे खिळखिळे होतात आणि नीट बसविलेला कोन आपोआप ढळतो. पाऊस पडल्यावर तेच लाकूड फुगून सांधा आवळतो. यास्तव उन्हाळ्याच्या शेवटी बसविलेली पाचर पावसाळ्यात किती घट्ट होईल, याचा अंदाज कारागिराला आधीच करावा लागे. आखाजीला सालदारांचे साल बदलते. औतांच्या दुरुस्तीचे दिवसही तेच. बलुत्याच्या व्यवस्थेत हे काम सुताराकडे असे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ च्या 'गाव-गाडा' या ग्रंथात बलुतेदारांचे जे परखड निरीक्षण केले आहे, ते वाचल्यावर या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे धाडस होणार नाही. तथापि एक गोष्ट मान्य केली पाहिजे. ज्या सुताराने औत घडविले, त्यालाच त्या घरची बैलजोडी आणि जमीन ठाऊक असे. आणि कोन ठरविण्यास या तिन्हींची माहिती लागते.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या आरंभी लोखंडी नांगर काढला, तेव्हा ताठ हळशीच्या जागी साखळी आली. साखळी ज्या पट्टीत अडकवावयाची तिला खाचा असत. वरच्या खाचेत अडकविली की नांगर खोल आणि खालच्या खाचेत उथळ. पाचरीचे ज्ञान येथे खाचांत उतरले, हे उघड आहे. पुढे ट्रॅक्टर आला. त्याच्या मागील तीन बिंदूंच्या जोडणीत वरचा दांडा, म्हणजे टॉप लिंक, फिरवून लांब-आखूड करता येतो. तो आखूड केला की अवजार पुढे कलते आणि दात खोल जातात. तत्त्व तेच राहिले. पण ते वापरणारा बदलला. भाड्याने तासावर ट्रॅक्टर बोलाविणाऱ्या शेतकऱ्याच्या शेतात टॉप लिंक फिरवितो तो चालक, आणि त्याची नजर पुढच्या शेताकडे लागलेली असते. कोळप्यासारखी लहान औते अजूनही बैलांमागे चालतात, तेथे मात्र पाचर टिकून आहे.

अभ्यासाच्या दृष्टीने अडचण अशी की, या ज्ञानाची लेखी नोंद जवळजवळ नाही. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशात नांगराच्या अवयवांची नावे मिळतात. नाव कळल्याने कोन कळत नाही. संग्रहात ठेवलेल्या औताचे लाकूड आटून पाचर गळून पडली, की उरलेल्या वस्तूवरून ती कोणत्या कोनाने चालत होती हे सांगता येत नाही. म्हणून जळगाव-धुळे भागांत उरलेल्या औतांची नोंद घेताना लांबी व वजन यांच्या जोडीस निदान पाच मापे घ्यावीत: सांध्यापासून जुवापर्यंतची हळस, बैल उभे असताना जुवाची उंची, सांध्याची उंची, भोकाची खोली, आणि पाचरीची जाडी तिच्या बाजूसह. मापे औत जुंपलेले असताना घ्यावीत, भिंतीला टेकविलेले असताना नव्हे. आणि महिना अवश्य टिपावा, कारण वैशाखातील पाचर व श्रावणातील पाचर ही दोन वेगळी मापे आहेत.