विचारले तर खरे सांगावे

पालम तालुक्यातल्या खेड्यांत आशाताई घरोघर फिरतात. त्यांच्याजवळ एक तक्ता असतो. तीस वर्षांच्या व त्यापुढच्या माणसाला त्या विचारतात : वय किती? तंबाखू, गुटखा, विडी चालते का? रोज दारू घेता का?

कोणी म्हणेल, "यांना कशाला हव्या नसत्या चौकशा?" पण मंडळी, ही चौकशी नव्हे. आम्ही हिला पारख म्हणतो. पेरणीआधी आपण मूठभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून पाहतो. दाणा उगवतो की नाही, ते आधीच कळते. तसेच हे.

तक्त्यात गुण मांडतात. तंबाखू रोज असेल तर २. कधीमधी असेल तर १. रोज दारू असेल तर १. वय, कमरेचा घेर यांचेही गुण असतात. सारे मिळून ४ च्या वर गेले, तर त्या माणसाची तपासणी आधी करायची. इथे गुण जास्त म्हणजे धोका जास्त, बरे का!

पण बाजाराच्या दिवशीच भरपूर पिणारा म्हणतो, "रोज कुठं घेतो?" आणि तो सुटतो. अशासाठी आणखी चार प्रश्न आहेत. अमेरिकेतील डॉक्टर युइंग यांनी ते १९८४ साली प्रसिद्ध केले.

१. दारू कमी करावी, असे कधी वाटले का?
२. पिण्यावरून कोणी बोलले, तर राग आला का?
३. पिण्याबद्दल मनाला टोचणी लागली का?
४. सकाळी उठल्याबरोबर घोट घ्यावा लागला का?

दोन उत्तरे "होय" आली, तर डॉक्टरांना दाखवावे.

हे विचारायला डॉक्टरच पाहिजे असे नाही. गुरुजी विचारू शकतात. बचत गटातली बाई विचारू शकते. मात्र एकांतात विचारावे. दोष देऊ नये. ऐकलेले पारावर नेऊ नये. एकदा बोभाटा झाला, की पुढे कोणी खरे सांगणार नाही.

एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. रोज फार पिणाऱ्याची दारू घरच्यांनी एकदम तोडू नये. अंग कापते, झटके येतात, भ्रम होतो. जिवावरही बेतते. आधी दवाखान्यात न्यावे आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सोडवावी. १४४४६ या सरकारी नंबरावर फोन केला, तर फुकट सल्ला मिळतो.

तेव्हा आशाताई दारी आल्या, तर त्यांना बसायला द्या आणि खरे सांगा. दुखणे लवकर कळले, तर उपायही लवकर होतो.