आल्टगेल्ड यांचे क्षमापत्र

अमेरिकेतील घटकराज्याचा गव्हर्नर हा आपल्याकडील राज्यपालाप्रमाणे मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागणारा नामधारी प्रमुख नव्हे. तो मतदारांनी निवडलेला प्रत्यक्ष शासनप्रमुख होय. शिक्षामाफीचा अधिकार अशा एका माणसाच्या हाती आला म्हणजे काय घडू शकते, हे इलिनॉयचे गव्हर्नर जॉन पीटर आल्टगेल्ड यांच्या चरित्रावरून कळून येते.

त्यांचा जन्म १८४७ साली जर्मनीतील नासाउ संस्थानात झाला. तान्हेपणीच ते ओहायोत आले. यादवी युद्धात कोवळ्या वयात शिपाईगिरी, पुढे मिसूरीत शिक्षकी व वकिली, १८७५ नंतर शिकागोत घरजमिनींच्या व्यवहारातून संपत्ती आणि मग न्यायाधीशपद, असा त्यांचा क्रम आहे. १८९२ मध्ये ते गव्हर्नर निवडून आले. परदेशात जन्मलेले ते इलिनॉयचे पहिलेच गव्हर्नर.

४ मे १८८६ रोजी शिकागोच्या हेमार्केट चौकातील कामगारसभेत बाँब पडला व सात पोलीस प्राणास मुकले. बाँब कोणी फेकला हे कधीच सिद्ध झाले नाही. तरीही आठ जण दोषी ठरले. चौघे फासावर गेले, एकाने कोठडीत आत्महत्या केली. फील्डन, श्वाब व नीबी हे तिघे तुरुंगात राहिले. त्यांना शिक्षा पुरेशी झाली, आता दया करावी, असे अर्ज शिकागोतील अनेक प्रतिष्ठितांनीच केले होते. दयेच्या दोन ओळी लिहिल्या असत्या, तर फारसा गहजब झाला नसता.

आल्टगेल्ड यांनी नेमकी तीच वाट नाकारली. खटला न्याय्य झाला असेल व आरोपी दोषी असतील, तर हस्तक्षेपास कारणच उरत नाही, अशी त्यांची भूमिका होती. म्हणून २६ जून १८९३ च्या विस्तृत क्षमापत्रात त्यांनी खटलाच तपासला : पंच पक्षपाताने निवडले गेले, बाँब फेकणाऱ्याशी आरोपींचा संबंध पुराव्याने जोडला गेला नाही, न्यायाधीश पूर्वग्रहदूषित होते. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १८८७ मध्ये कायम केलेल्या निर्णयावर शासनप्रमुखाने असा निवाडा द्यावा काय, हा आक्षेप क्षुल्लक नाही; न्यायाधीश गॅरी यांच्यावरील टीकेचा स्वरही काहीसा तिखटच आहे. परंतु दया दाखवून अन्याय झाकणे त्यांना मान्य नव्हते.

वृत्तपत्रांनी त्यांना अराजकवादी ठरविले. गंमत अशी की, १८९४ च्या पुलमन संपात राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड यांनी राज्याने मागणी केली नसताना शिकागोत सैन्य धाडले, तेव्हा राज्यघटनेतील शब्दांवर बोट ठेवून विरोध करणारा हाच ‘अराजकवादी’ होता. १८९६ मध्ये त्यांचा पराभव झाला, संपत्तीही गेली. मार्च १९०२ मध्ये जोलिएट येथे बोअरांच्या बाजूने भाषण केल्यावर ते कोसळले व निधन पावले. त्या वेळी ते क्लॅरन्स डॅरो यांच्याबरोबर वकिली करीत होते.