चिकित्सालयासाठी लॅपटॉप : द्रव्यपरीक्षा आधी, भाव नंतर

उत्तम हिरडा पाण्यात टाकला असता बुडतो, ही परीक्षा आपण सर्वजण विद्यार्थिदशेतच शिकलो. द्रव्य पारखावे आणि मग भाव विचारावा, हा संस्कार वैद्याच्या अंगी मुरलेला असतो. तथापि लॅपटॉप घेण्याची वेळ आली की हाच वैद्य प्रथम सवलतीची जाहिरात पाहतो आणि यंत्राचा विचार मागाहून करतो. रुग्णांच्या नोंदी, भांडारातील साठा, औषधांच्या मुदती आणि जीएसटीची विवरणपत्रे आज ज्या एका यंत्रात एकवटली आहेत, ते चार दिवस बंद पडले तर चिकित्सालय आणि दुकान दोन्ही अडतात. म्हणून ही खरेदी किरकोळ समजू नये.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेच्या चतुष्पादांचे वर्णन करताना द्रव्याचे चार गुण सांगितले आहेत : बहुता, योग्यत्व, अनेकविधकल्पना आणि संपत्. चंद्रपूर-गडचिरोलीच्या परिस्थितीत लॅपटॉपलाही हीच कसोटी लावता येते.

योग्यत्व

येथे देशविचार महत्त्वाचा. बहुतेक उत्पादक लॅपटॉपच्या वापरासाठी ३५ अंश सेल्सिअसपर्यंतचे तापमान योग्य मानतात. चंद्रपूरचा उन्हाळा ४५ अंशांच्याही पुढे जातो. घुग्घुस-बल्लारपूर पट्ट्यात कोळशाची धूळ आहेच. अशा ठिकाणी अतिशय पातळ देहाच्या यंत्रापेक्षा हवा खेळती राहील असे, मागचे झाकण उघडून पंखा साफ करता येईल असे यंत्र बरे. ते गादीवर किंवा कुलरच्या थेट ओलसर झोतात ठेवू नये.

दुसरा प्रश्न विजेचा. लॅपटॉपची बॅटरी हीच त्याची यूपीएस असल्याने, वीज वारंवार खंडित होणाऱ्या गावी तो डेस्कटॉपहून सोयीचा ठरतो. बॅटरीची क्षमता वॅट-अवरमध्ये लिहिलेली असते. साधे लेखनकाम सुमारे १० वॅट घेते असे धरल्यास ५० वॅट-अवरची बॅटरी पाच तास पुरेल. जाहिरातीतील ‘दिवसभर’ या शब्दापेक्षा हा आकडा विश्वसनीय होय. वादळी पावसात मात्र चार्जर भिंतीतून काढून ठेवावा.

संपत्

संपत् म्हणजे गुणसंपन्न, अविकृत अवस्था. विंडोज १० ची नियमित सुरक्षा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. त्यानंतर स्वस्तात विकावयास निघालेल्या जुन्या यंत्रांपैकी अनेकांवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. इंटेलचा प्रोसेसर असल्यास तो सामान्यतः आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा असावा लागतो. ‘रिफर्बिश्ड’ यंत्र घेणाऱ्याने हे आधी तपासावे. जुनाट मुदतबाह्य चूर्ण निम्म्या भावात मिळाले म्हणून आपण रुग्णास देत नाही.

नवीन यंत्रात ८ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडी एवढे प्रमाण चिकित्सालयास पुरेसे आहे. एकाच वेळी अनेक कामे करणाऱ्या मोठ्या औषधी दुकानाने १६ जीबी घ्यावी. मात्र रॅम वाढविण्यास जागा आहे की ती कायमची जोडलेली आहे, हे विचारून घ्यावे.

अनेकविधकल्पना

एकाच द्रव्यापासून चूर्ण, क्वाथ, घृत सिद्ध व्हावे, तसे एका यंत्रातून अनेक कामे निघावीत. आपले बिलिंगचे सॉफ्टवेअर आणि जुना प्रिंटर विंडोज ११ वर चालतील का, याची खात्री विक्रेत्यासमोरच करावी. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टंकित केलेले जुने केसपेपर नव्या यंत्रावर वाचता यावेत म्हणून ते युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावेत. मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक विंडोजमध्ये मुळातच असतो, त्यासाठी वेगळे पैसे मोजण्याचे कारण नाही.

बहुता

बहुता म्हणजे सहज आणि पुरेशी उपलब्धता. आपल्या भागात खरी मेख येथेच आहे. चंद्रपूरहून नागपूर सुमारे १५० किलोमीटर. सिरोंच्याच्या वैद्यास गडचिरोलीलाच यावयाचे तर सुमारे २०० किलोमीटर. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा मार्गच बंद. अशा ठिकाणी दोन हजार रुपये वाचवून घेतलेले यंत्र दुरुस्तीसाठी दोनदा नागपूरला न्यावे लागले, तर ती बचत प्रवासात आणि बुडालेल्या दिवसांत संपते. म्हणून ‘ऑनसाइट’ वॉरंटी आपल्या पिनकोडवर प्रत्यक्ष मिळते का, हे लेखी विचारावे. टाइप-सी चार्जिंगचे यंत्र निवडल्यास पर्यायी चार्जर मिळविणे सोपे जाते. तो पुरेशा वॅटचा आणि भारतीय मानक ब्युरोचे नोंदणी चिन्ह असलेला मात्र हवा.

हिशेब कसा करावा?

लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे. ५०,००० रुपयांच्या बिलात मूळ किंमत सुमारे ४२,३७३ आणि कर ७,६२७ रुपये असतो. नियमित नोंदणी असलेल्या औषधी दुकानदाराने बिलावर आपला जीएसटी क्रमांक घातल्यास व्यवसायासाठी घेतलेल्या यंत्राच्या या कराची वजावट त्यास मिळू शकते. कंपोझिशन योजनेतील दुकानदारास मिळत नाही. केवळ चिकित्सा करणाऱ्या वैद्याची सेवा करमुक्त असल्याने त्यालाही ती नाही. म्हणजे एकच यंत्र दोघांना वेगवेगळ्या किमतीस पडते.

आयकरात संगणकावरील घसारा २०१७ पासून ४० टक्के आहे. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाल्यास त्या वर्षी निम्मा. ऑक्टोबरचे पहिले काही दिवस उलटल्यावर घेतलेल्या यंत्रास हा नियम लागतो. परंतु उरलेली वजावट बुडत नाही, पुढे ढकलली जाते; दिवाळीची सवलत खरोखर मोठी असेल तर थांबण्यास हरकत नाही. अनुमानित उत्पन्न पद्धतीने विवरणपत्र भरणाऱ्यास घसारा वेगळा मिळत नाही.

‘नो-कॉस्ट’ हप्त्यांत प्रक्रिया शुल्क आणि क्रेडिट कार्डावरील व्याजाच्या भागावर जीएसटी लागू शकतो. तेव्हा रोख भाव आणि हप्त्यांची एकूण बेरीज शेजारी शेजारी मांडून पाहावी.

दोन पथ्ये

पहिले पथ्य बिलाचे. बिलावर यंत्राचा अनुक्रमांक असावा आणि ते जपून ठेवावे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार तक्रारदार जेथे राहतो वा काम करतो, तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. दूरच्या शहरातून मागविलेल्या वस्तूसाठी तिकडे जाण्याची गरज नाही. स्वयंरोजगाराने उपजीविकेसाठी स्वतः वापरलेली वस्तू व्यापारी हेतूची गणली जात नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

दुसरे पथ्य अधिक महत्त्वाचे. जुना लॅपटॉप ‘एक्सचेंज’मध्ये देऊन दोन-तीन हजार मिळतात, परंतु त्यात आपल्या रुग्णांच्या व्याधी, नावे आणि दूरध्वनी क्रमांक असतात. फाइल नुसती पुसल्याने ती नाहीशी होत नाही. आधी सर्व नोंदींची प्रत बाहेरील डिस्कवर घ्यावी, ती नव्या यंत्रावर उघडते याची खात्री करावी आणि मगच ‘रीसेट’मधील ड्राइव्ह पूर्ण स्वच्छ करण्याचा पर्याय वापरावा. हे जमत नसेल तर जुन्या यंत्राची डिस्क काढून आपल्याकडेच ठेवावी. एक्सचेंजची रक्कम थोडी घटेल. रुग्णाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट मात्र चिकित्सालयाबाहेर जाणार नाही.